माझ्या हातावरचे चाळीस

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, आणि मध्यंतरी बरेच दिवस मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. कुणी मला शिक्षा केली नव्हती. पार्वतीकाकूंनी केर काढताना मला फिरवलं आणि पुन्हा सरळ करायचं त्या विसरल्या, एवढंच. पण मला ते बरं वाटलं. लाज वाटली की बायका पदर तोंडावर घेतात, मुलं दाराआड जातात. खुर्चीला भिंत पुरते.

लाज कसली, ते सांगते. पण आधी मी कोण, कुठली, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, एका मेल्या खुर्चीला एवढं लाजायला झालं काय?

माझा जन्म मुलुंडचाच. पार्वतीकाकूंचे यजमान शाळेत मास्तर होते. सगळी आळी त्यांना भाऊ म्हणायची. भाऊंकडे वह्या तपासायला टेबल नव्हतं आणि टेबल ठेवायला जागाही नव्हती. म्हणून त्यांनी सुताराला सांगितलं, "खुर्चीचे हात रुंद कर रे बाबा. एका हातावर वही राहिली पाहिजे आणि दुसऱ्यावर कपबशी." सुतार हसला, पण हात मात्र त्याने चांगले पाटाएवढे केले. पाठीचा आणि बैठकीचा वेत बाळा नावाच्या वेतकाम करणाऱ्या माणसाने विणला. त्याला दिसत नसे. बोटांनी भोकं चाचपत त्याने तीन दिवसांत मला विणलं, तळहाताने थोपटलं आणि म्हणाला, "मास्तर, हिच्यावर नीट मागे रेलून बसायचं. कडेवर टेकलात तर वेत कडेनेच जाईल."

भाऊ सात वर्षं रेलून बसले. वह्या तपासता तपासता झोपूनसुद्धा जात. मग एका आषाढात ते गेले. काकूंनी शिवणाचं मशीन घेतलं, आळीतल्या बायकांची पोलकी शिवायला सुरुवात केली, आणि मी कोपऱ्यात रिकामी राहिले. काकू माझ्यावर कधी बसल्या नाहीत. रोज पुसायच्या मात्र.

रिकामी राहिले म्हणून तर मला लोक मागायला लागले. आमच्या आळीत बारा घरं, आणि हातांची खुर्ची ही एकच. कुणाकडे मुलगी बघायला येणार असले की आदल्या संध्याकाळी कुणीतरी यायचं. "काकू, खुर्ची नेऊ का हो?" काकू मला पुसून द्यायच्या, आणि मी कुणाच्या तरी डोक्यावर पालथी, चारी पाय आभाळाकडे करून, वाजतगाजत निघाल्यासारखी जायची. मुलाकडच्या वडीलमाणसाला मी. बाकीच्यांना खाट, सतरंजी, स्टूल. माझ्यावर टेकून लोकांनी अकरा मुली पसंत केल्या. बायका म्हणायच्या, "खुर्चीचा पायगुण चांगला आहे हो." चार पाय असल्यावर एखादा तरी गुणी निघायचाच, पण मला तेव्हा ते खरं वाटायचं. मी फुगले होते. कबूल करते.

सत्तावन्न साली मुलुंड मुंबईत गेलं. म्हणजे मुलुंड होतं तिथेच राहिलं, पण घरपट्टीचा कागद आता मुंबईच्या हिशेबाने येणार होता. त्यासाठी म्युनिसिपालिटीचा माणूस आळीआळीतून फिरायला लागला होता. तो कधी येईल, नेम नसे.

आमच्या शेजारी मार्तंडराव राहायचे. मुंबईत फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून. भाऊंनी आणि त्यांनी एकाच गवंड्याकडून, एकाच उन्हाळ्यात घरं बांधून घेतली होती. पुढे दोन खोल्या, मागे एक. दोन्ही घरं इतकी सारखी, की भाऊ एकदा तंद्रीत त्यांच्या घरात शिरून, टोपी खुंटीला अडकवून, "चहा टाक गं" म्हणाले होते. मार्तंडरावांच्या बायकोने टाकलासुद्धा.

त्यांची मुलगी मृणालिनी. मॅट्रिक झालेली, सरळ नाकाची, कमी बोलणारी. तिला बघायला एका शनिवारी दुपारी ठाण्याची मंडळी आली. मुलगा अनंत आणि त्याचे मामा रामचंद्रपंत. मामा अर्थातच माझ्यावर.

चहा झाला. रामचंद्रपंत इकडे तिकडे बघत म्हणाले, "घर आटोपशीर आहे. पण मार्तंडराव, एका पगारात लग्नाचं कसं काय जमवणार? विचारतो हं, राग नसावा."

मार्तंडरावांनी घाम पुसला. आणि बोलून गेले, "पगार एकच कुठे? मागची खोली भाड्याने दिलीय. चाळीस रुपये येतात महिन्याला."

मागच्या खोलीत गोवऱ्या होत्या. गोवऱ्या, लाकडं आणि एक मोडका पाळणा. आळीतल्या कुठल्याही खोलीला तेव्हा बारा-पंधराच्या वर कुणी देत नव्हतं.

"वा! भाडेकरू घरात आहे?"

"गावाला गेलाय. कुलूप लावून."

किल्ली मृणालिनीच्या आईच्या कनवटीला होती. ती पडद्याआड उभी होती. तिने पोटावर हात ठेवला.

हे इथेच संपलं असतं तर बघण्याच्या दिवसाची एक थाप म्हणून जिरून गेलं असतं. पण नेमकी तेव्हाच दारात हाक आली, "मालक आहेत का? घरपट्टीची पाहणी."

दारात एक घामाघूम गृहस्थ उभे. बगलेत वही, खिशात फीत, कानावर शाईची पेन्सिल. बळवंतराव त्यांचं नाव.

"सोमवारी या हो," मार्तंडराव घाईने म्हणाले. "आज घरात जरा कार्य आहे."

"सोमवारी मला भांडुप आहे. दोन मापं, दोन प्रश्न. निघालोच."

"येऊ द्या की," रामचंद्रपंत म्हणाले. त्यांना गंमत वाटत होती. बळवंतरावांनी फीत टाकून पुढच्या खोल्या मोजल्या, मागची बाहेरूनच मोजली, आणि लिहायला जागा शोधू लागले. रामचंद्रपंत उठून खाटेवर गेले. "तुम्ही खुर्चीवर बसा. लिहायला हात छान आहे."

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं सांगू? अभिमान. माझ्या हातावर सरकारी काम होणार!

"एक सांगा हो," रामचंद्रपंतांनी विचारलं, "आपल्याच घरात माणूस राहतो. तो काही स्वतःला भाडं देत नाही. मग त्याच्यावर कर बसवता कशावर?"

बळवंतरावांना हा प्रश्न रोजचा असावा. "घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, ते धरायचं. त्यातला दहावा हिस्सा डागडुजीचा म्हणून सोडायचा. उरेल त्यावर शेकड्यामागे ठरलेला कर. दिलं नसलं तरी दिल्यासारखं धरायचं."

"आणि दिल्यासारखं म्हणजे किती, ते कोण ठरवणार?"

"शेजार ठरवतो. तसंच घर शेजारी कितीला गेलंय, ते बघायचं." मग ते मार्तंडरावांकडे वळले. "मागच्या खोलीचं भाडं?"

मार्तंडराव पडद्याकडे बघू लागले. रामचंद्रपंतच मदतीला धावले. "अहो, सांगा की! चाळीस. आत्ताच म्हणालात ना मला."

बळवंतरावांनी वर पाहिलं. "चाळीस? या आळीत?" आणि हसले. "मला सगळे मालक कमी सांगतात. जास्त सांगणारे तुम्ही पहिलेच."

आता मार्तंडरावांनी "गंमत केली हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण समोर होणारा जावई बसला होता. ते म्हणाले, "हो. चाळीस. मुंबईचे भाव आले ना आता इकडे."

मृणालिनी पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं आणि खाली पाहिलं. बघायच्या दिवशी मुलीने खालीच पाहायचं असतं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

बळवंतरावांनी वही माझ्या उजव्या हातावर टेकवून, पेन्सिल दाबून आकडा लिहिला. कागद पातळ होता आणि माझं पॉलिश मऊ. खाली माझ्या लाकडात तो आकडा उमटला. चाळीस. मग मार्तंडरावांची सही घेऊन ते गेले.

"तो म्युनिसिपालिटीचा कागद आला की मला दाखवा बरं का," जाताना रामचंद्रपंत म्हणाले. "सरकारी कागदावर बघितलं म्हणजे बरं वाटतं." मुलगी पसंत पडली होती. आळीत पेढे वाटले. माझी बारावी मुलगी!

मी घरी आले. काकूंनी पुसताना तो आकडा पाहिला. तेलाच्या बोटाने घासला, पण गेला नाही. "कुणी कोरलंय मेलं," म्हणाल्या, आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. भाऊंच्या खुर्चीला डाग नको म्हणून.

दीड महिन्याने आळीत नोटिसा आल्या. काकूंनी चष्मा लावून आपली वाचली आणि पुन्हा वाचली. मग छत्री घेऊन चौकशीला कचेरीत गेल्या. दुपारी परत आल्या त्या पदराने वारा घेत. पोलकी शिवायला आलेल्या एका बाईला सांगत होत्या, ते मी ऐकलं.

"मी म्हटलं, अहो, मी कुणाला घर भाड्याने दिलेलंच नाही. तर म्हणाले, दिलं असतं तर शंभर आले असते. मागची खोली चाळीस, पुढच्या दोन मिळून साठ. म्हटलं, कुणी सांगितलं? तर म्हणाले, तुमच्या शेजारचं घर डिट्टो तुमच्यासारखं. तिथल्या मालकांनी सही करून सांगितलंय. बाकीच्या घरांना भाडेकरू आहेत, त्यांच्या पावत्या आहेत. तुमच्याकडे पावती नाही, म्हणून शेजार धरला."

"मग आता किती भरायचं?"

"माझं सात महिन्यांचं शिवण."

ती बाई गेली. काकू माझ्यापाशी आल्या. रुमाल उचलला. चाळिसावर बोट ठेवलं आणि रुमाल पुन्हा नीट घातला. एक शिवी दिली असती तर मी जन्मभर उपकार मानले असते. भाऊंनी मला घडवली ती वह्या तपासायला, चुका शोधायला. आणि माझ्याच हातावर, माझ्याच धनिणीचं घर जाईल असा खोटा आकडा मी लिहू दिला. वर फुगून!

दुसऱ्या दिवशी केर काढताना त्यांनी मला भिंतीकडे फिरवलं.

तक्रार करायला पंधरा दिवस होते. बारा गेले. काकूंनी कागद हातात घेतला नाही. तेराव्या दिवशी, शनिवारी, मृणालिनी लग्नाच्या पोलक्यांचं माप द्यायला आली.

"काकू, तक्रार लिहिलीत ना? सोमवारी मुदत संपते."

"हात वर कर. दंडाला सैल हवं की घट्ट?"

"काकू, मी काय विचारतेय?"

"मी काय विचारतेय? सैल की घट्ट?" काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या.

"मागच्या खोलीत आमच्या गोवऱ्या आहेत, काकू."

"मला सांगतेस? पावसाळ्यात अर्ध्या मीच उसन्या नेते."

"मग तसं लिहा ना! तुमच्यावर कर बसवलाय तो आमच्या गोवऱ्यांवरून."

काकूंनी टाचण्या काढून उशीला टोचल्या. "हे बघ मृणाल, मी लिहिलं की चौकशी होणार. चौकशी झाली की तुझ्या मामेसासऱ्यांना तो कागद दाखवता येणार नाही. ते उद्या याद्या करायला येतायत ना? होऊ दे गं तुझं. माझं काय, पाठचा भाऊ आहे पेणला. घर विकून जाईन तिकडे."

"आणि भाऊंची खुर्ची?"

"तिला कोण ठेवून घेणार? वहिनीच्या घरात मलाच जागा मागायचीय."

मृणालिनी माप अर्धवट सोडून वळली. कोपऱ्यात आली आणि मला धरून सरळ केलं. रुमाल बाजूला केला. तिचे कान लाल झाले. मित्रांनो, त्या घरात त्या दिवशी खाली मान घातलेली मी एकटीच नव्हते.

"काकू, उद्यासाठी खुर्ची नेऊ?" तिने विचारलं.

"विचारतेस काय? ने."

तिने कुणाला बोलावलं नाही. स्वतः डोक्यावर घेऊन गेली.

रविवारी रामचंद्रपंत माझ्यावर बसले. अनंत खाटेवर. मार्तंडरावांनी नोटीस आणून दिली. पंतांनी चष्मा लावला, वाचली आणि खूश झाले. "वा! चाळीस! म्युनिसिपालिटीने मान्य केलं म्हणजे प्रश्नच मिटला."

तेवढ्यात मृणालिनी बाहेर आली. हातात ताटली नव्हती. एक कागद होता आणि शाईचं पेन. कागद तिने माझ्या उजव्या हातावर ठेवला.

"बाबा, सही करा."

"कसली सही? आत जा तू."

"चुकून जास्त भाडं सांगितलं, असं लिहिलंय. उद्या शेवटचा दिवस आहे."

"मृणाल, आत जा म्हटलं ना!"

"काय भानगड आहे?" रामचंद्रपंतांनी विचारलं.

"मामा, मागच्या खोलीत गोवऱ्या आहेत." तिची मान वर होती. "त्या चाळीस रुपये देत नाहीत. पण त्यांच्यामुळे शेजारच्या काकूंना घर विकावं लागतंय. मी त्या दिवशी इथेच उभी होते. मीही बोलले नाही."

मग पडदा सरकला. मृणालिनीची आई बाहेर आली. नवऱ्याकडे न बघता तिने कनवटीची किल्ली सोडली आणि माझ्या डाव्या हातावर ठेवली. "बघायची असेल तर बघा खोली," ती पंतांना म्हणाली. "आणि अहो, सही करा. शेजारी राहायचंय आपल्याला."

रामचंद्रपंत उठले. वाईट माणूस नव्हता तो. "खोली नसती तरी आम्ही आलो असतो, मार्तंडराव," ते म्हणाले. "पण आता..." त्यांनी नोटीस घडी करून खाटेवर ठेवली. "चल, अनंता."

अनंताने मृणालिनीकडे एकदा पाहिलं. मग चपला शोधू लागला. चपला समोरच होत्या.

ते गेल्यावर मार्तंडराव माझ्यासमोर गुडघे टेकून बसले. पेन घेतलं. सही करताना निब खालच्या खळग्यात अडकली, शाईचा ठिपका पडला. चाळिसाच्या बरोब्बर वर. त्यांनी तो रुमालाने टिपला आणि रुमाल तसाच डोळ्यांना लावला. मृणालिनीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "पोरी, माझ्यामुळे..." ती म्हणाली, "बाबा, कागद वाळू द्या."

पुढचं लवकर सांगते. सुनावणी झाली. बळवंतराव पुन्हा आले, दोन्ही मागच्या खोल्या उघडून पाहिल्या. गोवऱ्या पाहून म्हणाले, "भाडेकरू शांत आहेत," आणि आकडा बारा केला. पुढच्या खोल्याही त्याच हिशेबाने खाली आल्या. काकूंना झेपेल एवढाच कर राहिला. ठाण्याहून मात्र पत्र आलं नाही. लग्न ठरताना दिलेला नारळ तेवढा परत आला, तोही कुणातरी तिसऱ्याच्या हातून.

आणि माझा पायगुण गेला. आळीतल्या बायका आता मंडपवाल्याकडून लोखंडी घडीच्या खुर्च्या आणतात. मला कुणी मागत नाही. मला त्याचा राग नाही. मी घरं जुळवली असं म्हणत होते तेव्हा मी नुसतीच खुर्ची होते. आता घर मोडलं म्हणतात, तेव्हाही नुसतीच खुर्ची आहे. लाज मात्र माझी स्वतःची आहे, ती कुणाकडून उसनी आणलेली नाही.

मार्तंडराव वर्षभर आमच्या दाराकडे बघत नसत. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी ते गोवऱ्यांची पाटी घेऊन आले. ओट्यावर ठेवली आणि वळले. काकू आतून म्हणाल्या, "भावोजी, चहा टाकलाय. ह्यांच्यासारखी टोपी खुंटीला अडकवून बसा." ते बसले. जमिनीवर बसले, माझ्यावर नाही.

मग एकदा बाळा वेत बदलायला आला. वेताची कड तुटत चालली होती. त्याने बोटांनी चाचपलं आणि हसला. "काकू, हिच्यावर सगळे पुढच्या कडेवरच टेकलेत. मास्तरांनंतर कुणी मागे रेललंच नाही का?"

मी मनात मोजलं. बारा वेळा मी मुली बघायला गेले. बाप, मामा, काका, आत्याचे यजमान, एकदा म्युनिसिपालिटी, सगळे माझ्यावर टेकले. ज्यांच्यासाठी मला न्यायचे, त्या बारा मुलींपैकी एकही माझ्यावर बसली नव्हती. त्यांना पाट.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. शेजारच्या घरून उसनी वस्तू आणलीत, तर जशी आणली तशी परत करा. पुसून तर द्याच. पण तिच्यावर टेकून एखादी मोठी गोष्ट बोलणार असाल, तर आधी एकदा भिंतीपलीकडे कोण राहतं ते आठवा. आपल्या घराची किंमत आपण वाढवून सांगितली की ती आपल्या कुंपणाशी थांबत नाही.

भाऊंच्या शाळेत गेल्या जूनपासून नवीन बाई आल्या आहेत. मृणालिनीबाई. त्यांच्या घरी वह्या तपासायला टेबल नाही. संध्याकाळी त्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे येतात. पहिल्या दिवशी दारातच थांबल्या. काकूंनी मशीन न थांबवता सांगितलं, "बस की. कडेवर नको गं, बाळा ओरडेल. मागे रेलून बस."

ती बसली. नव्या वेताने कुरकुर केली. तिने वही माझ्या उजव्या हातावर ठेवली, आणि लाल पेन्सिल त्या खळग्यात अडखळली. तिने वही उचलली नाही. बोटभर बाजूला सरकवली आणि पुढची बेरीज तपासायला घेतली.